वेड पांघरणारा आणि खरा आजारी

कॅडेट, इयत्ता दहावी

‘वेड पांघरून पेडगावला जाणे’ हा वाक्प्रचार आपण सगळ्यांनी कधी ना कधी पाठ केला आहे. अर्थ : मुद्दाम वेड्याचे सोंग घेऊन आपला मतलब साधणे. पेडगाव हे खरोखरचे गाव आहे. अहिल्यानगर जिल्ह्यातल्या श्रीगोंदे तालुक्यात, भीमेच्या काठी ते वसले आहे आणि तिथे बहादूरगड किल्ला आहे. अर्थ लिहून वाक्यात उपयोग केला की परीक्षेत गुण मिळतात आणि आपण पुढच्या वाक्प्रचाराकडे वळतो. न्यायालयाला असे वळता येत नाही. खुनाचा आरोपी पिंजऱ्यात उभा आहे, त्याचे वकील म्हणतात की याचे मन ठिकाणावर नाही, सरकारी वकील म्हणतात की हा पेडगावला निघाला आहे. दोघांपैकी एकच खरे असेल, तर ते ठरवायचे कोणी आणि कशावरून? हे काम न्यायवैद्यकात मनोविकारतज्ज्ञाकडे येते. या लेखात ते काम कसे चालते ते पाहू.

आपल्या मासिकात हा विषय कशाला, असे कोणी विचारील. कारण सैन्याच्या कायद्यातही तो आहे. सेना अधिनियम १९५० च्या कलम ४६ मध्ये आजाराचे सोंग करणे, स्वतःला मुद्दाम आजार लावून घेणे किंवा बरे होणे जाणूनबुजून लांबवणे हे गुन्हे आहेत आणि शिक्षा सात वर्षांपर्यंत कैदेची आहे. क्रॉसकंट्रीच्या सकाळी एमआय रूमसमोरची रांग का वाढते, हे आपल्याला माहीत आहे. तिथे निदान थर्मामीटर असतो. पायाची सूज बोटाने दाबून कळते. मनाच्या दुखण्याला थर्मामीटर नाही. रुग्ण जे सांगतो आणि जसा वागतो, त्यावरूनच सगळे ओळखायचे असते. म्हणून तिथे सोंग आणणे सोपे वाटते आणि खऱ्या रुग्णाला ‘ढोंगी’ म्हणणे त्याहून सोपे.

मराठी मुलखात या प्रश्नाचे सर्वांत बोलके उदाहरण म्हणजे मुंबईतला रमण राघवचा खटला. १९६५-६६ मध्ये आणि पुन्हा १९६८ मध्ये मुंबईच्या उपनगरांत, फुटपाथवर आणि झोपड्यांत झोपलेल्या गरीब माणसांचे रात्री खून होत होते. तपास गुन्हे शाखेचे रमाकांत कुलकर्णी यांच्याकडे होता. २७ ऑगस्ट १९६८ रोजी उपनिरीक्षक ॲलेक्स फियाल्हो यांनी वर्णनावरून एका माणसाला ओळखून पकडले. तोच रमण राघव. तो बराच काळ काही बोलेना. मग त्याने कोंबडीचे जेवण मागितले, ते मिळाल्यावर तो बोलू लागला आणि आपण काय केले ते तपशिलाने सांगितले.

ही कोंबडीची गोष्ट लोक फार चवीने सांगतात आणि वर म्हणतात, “बघा, किती बेरका होता!” मला हा तर्क पटत नाही. चांगले जेवण मागणे हे शहाणपणाचे लक्षण धरले तर आमच्या मेसमध्ये रविवारी सगळेच शहाणे ठरतील. मनाचा आजार असलेल्यालाही भूक लागते, आवडनिवड असते, सौदा करता येतो. वेडा म्हणजे ज्याला काहीच कळत नाही, ही कल्पना सिनेमातली आहे. सोंग ओळखण्यात पहिली चूक इथेच होते.

२ जून १९६९ रोजी सत्र न्यायालयात खटला सुरू झाला, तेव्हा बचावाच्या वकिलांनी अर्ज दिला. त्यात दोन गोष्टी होत्या. आज तो आपला बचाव करण्याच्या मनःस्थितीत नाही, आणि खून केले तेव्हाही आपण करतो ते कायद्याविरुद्ध आहे हे समजण्याइतके त्याचे मन शाबूत नव्हते. न्यायालयाने त्याला मुंबईच्या पोलीस सर्जनकडे पाठवले. २८ जून ते २३ जुलै, म्हणजे सव्वीस दिवस, तो त्यांच्या निरीक्षणाखाली होता. त्यांचे मत पडले की याला मनोविकार नाही, बुद्धी साधारण आहे, स्मरणशक्ती चांगली आहे, आपल्या कृत्याचे स्वरूप आणि खटल्याचा अर्थ त्याला कळतो. खटला पुढे चालला आणि राघवने गुन्हा कबूल केला.

मग बचावाच्या बाजूने नायर रुग्णालयातल्या मनोविकारतज्ज्ञांची साक्ष झाली. त्यांनी ५ ऑगस्ट १९६९ रोजी आर्थर रोड तुरुंगात राघवची मुलाखत घेतली होती. त्यांचे मत अगदी उलट होते : याला फार दिवसांपासून संशयग्रस्त प्रकारचा स्किझोफ्रेनिया आहे. आपण माणूस मारतो आहोत हे त्याला कळत होते, पण ते चूक किंवा बेकायदा आहे हे कळत नव्हते. एकच माणूस, एकच उन्हाळा-पावसाळा, दोन डॉक्टर आणि दोन टोकांची मते. सत्र न्यायाधीशांनी त्याला दोषी ठरवून फाशी सुनावली. राघवने अपील करायला नकार दिला.

आपल्याकडे सत्र न्यायालयाने दिलेली फाशी उच्च न्यायालयाने कायम केल्याशिवाय अमलात येत नाही. मुंबई उच्च न्यायालयाने शिक्कामोर्तब करण्याआधी सर्जन जनरलना तीन मनोविकारतज्ज्ञांचे खास मंडळ नेमायला सांगितले. मंडळाने त्याला पाच वेळा, दर वेळी सुमारे दोन तास, भेटून तपासले. तेव्हा जे बाहेर आले ते असे. राघवच्या लेखी दोन जगे होती, एक ‘कानून’चे आणि एक हे आपले. तो स्वतः ‘कानून’चा प्रतिनिधी होता, त्याच्या अंगी शक्ती होती. देशात तीन सरकारे आहेत, अकबराचे, ब्रिटिशांचे आणि काँग्रेसचे, आणि ती आपल्याला छळतात, अशी त्याची पक्की समजूत होती. शेवटच्या भेटीत डॉक्टर निरोप घेऊन उठले आणि त्यांनी हस्तांदोलनासाठी हात पुढे केला. राघवने हात दिला नाही. ‘कानून’चा प्रतिनिधी या दुष्ट जगातल्या माणसांना शिवत नाही, असे त्याने सांगितले.

मंडळाने त्याला मनोविकार असल्याचे सांगितले, तो बरा होण्यासारखा नाही असे ठरले आणि फाशीऐवजी जन्मठेप झाली. पुढे तो येरवड्यात होता. १९९५ मध्ये पुण्याच्या ससून रुग्णालयात मूत्रपिंडाच्या विकाराने तो मरण पावला.

आता हा खटला अभ्यासासारखा उलगडून पाहू. पोलीस सर्जननी सव्वीस दिवस पाहिले, तरी मत वेगळे कसे आले? त्यांनी जे नोंदवले त्यातले बहुतेक खरेच असू शकते. या प्रकारच्या स्किझोफ्रेनियात स्मरणशक्ती आणि बुद्धी बऱ्याचदा टिकून असतात. अशा माणसाला आजची तारीख विचारा, पाढे विचारा, वकील म्हणजे कोण ते विचारा, तो नीट सांगेल. बिघाड असतो तो त्याच्या ‘जग असे आहे’ या समजुतीत. तिथपर्यंत पोचायला वेगळे प्रश्न लागतात आणि समोरच्याला बोलते करायला वेळ लागतो. एका शाळेत विज्ञानात पैकीच्या पैकी मिळवणारा मुलगा इतिहासात नापास असू शकतो. विज्ञानाची उत्तरपत्रिका कितीही वेळा तपासली तरी इतिहासाचे गुण कळणार नाहीत.

तो सोंग करत होता का? सोंगाला लाभ लागतो. इथे लाभ उघड होता, फाशी टळणे. पण ज्याला लाभ हवा त्याने गुन्हा कबूल केला आणि अपील नाकारले. वेडाचा मुद्दा वकिलांनी मांडला, त्याने नाही. दुसरे म्हणजे, पाच बैठकांत मिळून सुमारे दहा तास होतात. तीन जाणकारांसमोर इतका वेळ एक बनावट जग एकसारखे सांभाळणे फार कठीण आहे. सोंग करणारा प्रश्नागणिक नवे काहीतरी जोडतो आणि मागचे विसरतो. तिसरे ते हस्तांदोलन. ते प्रश्नोत्तरांत नव्हते. परीक्षा संपली, आता माणूस सैल होतो, अशी ती वेळ होती, आणि त्या वेळीही त्याचा भ्रम जागेवर होता. हेही कोणी नाटक म्हणून करू शकेल. एवढ्या एकाच गोष्टीवर निर्णय दिला असता तर मी तो कच्चा म्हटला असता. पण लाभ, सातत्य आणि बेसावध क्षण या तिन्ही गोष्टी एकाच दिशेने बोट दाखवत होत्या.

एक गोष्ट पालक वाचकांसाठी मुद्दाम लिहितो, कारण सुट्टीत घरी हा विषय काढला की “म्हणजे वेडा म्हटले की सुटला!” असे ऐकू येते. राघव सुटला नाही. तो मरेपर्यंत कैदीच होता. कायद्यात आजारी असणे आणि जबाबदारीतून मुक्त असणे या वेगळ्या गोष्टी आहेत. जुन्या भारतीय दंड संहितेचे कलम ८४, म्हणजे १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेचे कलम २२, एवढेच विचारते की कृत्य करतेवेळी, मनोविकारामुळे, त्या माणसाला कृत्याचे स्वरूप किंवा ते चूक वा बेकायदा आहे हे समजत नव्हते का. आदल्या वर्षीचे किंवा नंतरचे नाही, त्या वेळचे. आणि हे दाखवण्याचा भार आरोपीवर असतो. सर्वोच्च न्यायालयाने १९६४ च्या दह्याभाई ठक्कर खटल्यात हा भार किती ते सांगितले : सरकारी पक्षाला गुन्हा जसा संशयापलीकडे सिद्ध करावा लागतो तितका कडक नाही, दिवाणी दाव्यात लागतो तितका. दुसरा प्रश्न आजचा असतो : आरोपी खटला समजू शकतो का, वकिलाला सांगू शकतो का? नसेल तर खटला थांबतो, तो बरा झाला की पुढे चालतो. डॉक्टरला दोन्ही प्रश्नांची उत्तरे वेगवेगळी द्यावी लागतात. त्यातला पहिला जास्त अवघड, कारण महिन्यांपूर्वीच्या रात्री त्या माणसाच्या मनात काय होते ते आज शोधायचे असते. त्यासाठी शेजारी, नातेवाईक, जुने औषधांचे कागद, अटकेच्या वेळची पोलीस नोंद, कृत्यानंतर तो पळाला की तिथेच बसून राहिला, हे सगळे पाहतात.

न्यायवैद्यकाच्या पाठ्यपुस्तकांत खऱ्या आणि खोट्या वेडाचा तक्ता असतो. खोटे वेड एकाएकी सुरू होते, खरे हळूहळू. खोट्याला हेतू असतो. खोटी लक्षणे कोणी पाहत असतानाच दिसतात. ती कोणत्याच एका आजारात बसत नाहीत, इकडची तिकडची उचललेली असतात. सोंग करणाऱ्याला रात्री झोप लागते, न झोपता बडबडत राहणे त्याला झेपत नाही, आणि पुन्हापुन्हा तपासणी केलेली त्याला आवडत नाही. तक्ता पाठ करायला सोपा आहे, वापरायला मात्र जपून. काही खरे मनोविकारही चार दिवसांत उसळतात. हेतूचे म्हणाल तर फाशीच्या आरोपीला सुटायचे असतेच, आजारी असो वा नसो, म्हणून हेतू असणे हा पुरावा होत नाही, फक्त तपासायचे कारण होते. आणि तुरुंगात परक्यांनी पुन्हापुन्हा तेच प्रश्न विचारले तर कोणालाही वैताग येईल.

या तक्त्यातली सर्वांत कामाची ओळ म्हणजे कोणी पाहत नसताना काय होते ती. म्हणून वॉर्डात ठेवतात. डॉक्टर दिवसातून तासभर भेटतो, परिचारिका आणि परिचर चोवीस तास असतात. जेवतो कसा, अंघोळ करतो का, इतर रुग्णांशी पत्ते खेळताना डाव नीट लक्षात ठेवतो का, याच्या नोंदी ते करतात.

एकाच खुणेवर विसंबले की काय होते, याचे उदाहरण आपल्याच इतिहासात आहे. १६६६ मध्ये आग्र्याला शिवाजी महाराजांनी आजाराचे सोंग केले. महाराज निसटल्यावर हिरोजी फर्जंद पलंगावर पांघरूण घेऊन निजले आणि महाराजांचे कडे घातलेला हात तेवढा बाहेर ठेवला, असे सांगतात. पहारेकऱ्यांनी हात पाहिला, कडे पाहिले आणि समाधान मानले. (सोंग नेहमी निंद्य असते असे मला वाटत नाही, हे यावरून समजून घ्यावे.) पहारेकऱ्यांच्या जागी चांगला परीक्षक असता तर त्याने चेहरा पाहिला असता, नाडी पाहिली असती, दोन शब्द बोलायला लावले असते.

मुलाखतीत तज्ज्ञ लक्षणांच्या तपशिलात शिरतात. ज्यांना खरोखर आवाज ऐकू येतात ते रुग्ण बहुधा सांगतात की आवाज अधूनमधून येतात, आणि ते टाळायला ते काही ना काही करतात : रेडिओ लावतात, कोणाशी बोलतात, चालायला जातात. सोंग करणाऱ्याने एवढा विचार केलेला नसतो. आजार म्हणजे काय ते त्याने सिनेमात पाहिलेले असते, म्हणून तो जास्तच करतो. विचारलेल्या प्रत्येक लक्षणाला ‘हो’ म्हणतो. खरा रुग्ण बऱ्याचदा लपवतो, त्याला लाज आणि भीती वाटते. सोंग करणारा दाखवतो.

याच ‘जास्त करण्या’वर काही लेखी चाचण्या उभ्या आहेत. अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठात तयार झालेली १९४३ ची प्रश्नावली प्रसिद्ध आहे. तिच्या १९८९ च्या सुधारित रूपात ५६७ विधाने आहेत आणि प्रत्येकाला खरे किंवा खोटे म्हणायचे असते. त्यात काही विधाने अशी पेरलेली आहेत की त्यांना फारच थोडे लोक होकार देतात. कोणी त्यांना धडाधड होकार देत गेला तर परीक्षक सावध होतो. पण इथे आपल्या भागासाठी एक इशारा आहे. बस्तरचा दसरा काछिनगादीच्या विधीने सुरू होतो. काछिनदेवी अंगात आलेली लहान मुलगी काट्यांच्या झोपाळ्यावर पहुडते आणि उत्सवाला परवानगी देते. जगदलपूरच्या माणसाला त्यात विचित्र काही वाटत नाही. महाराष्ट्रातही अंगात येणे कोणाला नवे नाही. ‘माझ्याशी देवी बोलते’ हे मिनेसोटात दुर्मिळ वाक्य असेल, इथे नाही. हे ठाऊक नसलेला परीक्षक भाविकाला एक तर रोगी ठरवील नाही तर ढोंगी.

आता गणिताचा भाग, कारण मला तो सर्वांत आवडला. समजा एखादा म्हणतो, “माझी स्मृती पूर्ण गेली आहे, आता पाहिलेले क्षणात विसरतो.” त्याला चित्रे दाखवतात. मग दोन-दोन चित्रे समोर ठेवून विचारतात की यातले तुम्ही कोणते पाहिले होते? खरोखर काहीच आठवत नसेल तर तो अंदाजाने बोट ठेवील, नाणेफेकीसारखे. वीस प्रश्नांत साधारण दहा बरोबर येतील. पण सोंग करणाऱ्याला वाटते की विसरलेल्या माणसाची उत्तरे चुकली पाहिजेत, म्हणून तो बरोबर चित्र ओळखून दुसऱ्यावर बोट ठेवतो. त्याचे वीसपैकी तीन-चारच बरोबर येतात. इतके चुकायला बरोबर उत्तर माहीत असावे लागते!

हे वहीत करून पाहा. वीस प्रश्नांच्या उत्तरांच्या एकूण शक्यता २ चा २० वा घात, म्हणजे १०,४८,५७६. त्यांपैकी चार किंवा त्याहून कमी उत्तरे बरोबर येण्याच्या शक्यता १ + २० + १९० + ११४० + ४८४५, म्हणजे ६१९६. भागाकार सुमारे ०.००६ येतो. निव्वळ अंदाजाने उत्तरे देणाऱ्या हजार माणसांत इतके कमी गुण सुमारे सहा जणांनाच पडतील. संध्याकाळच्या प्रेपनंतर पत्त्यांचे वीस जोड घेऊन मित्रावर प्रयोग करता येतो. एकदा त्याला डोळे मिटून अंदाजाने सांगायला लावा आणि एकदा ‘विसरल्याचे सोंग कर’ म्हणा. (खऱ्या चाचण्यांची चित्रे आणि प्रश्न मानसशास्त्रज्ञ उघड करत नाहीत, आणि ते योग्यच आहे.)

मात्र त्या सहा जणांकडे पुन्हा पाहा. ते निर्दोष आहेत, त्यांची स्मृती खरोखर गेलेली आहे, आणि एवढ्या एकाच चाचणीवर गेलो तर ते ढोंगी ठरतात. उलट, ज्याला ही युक्ती ठाऊक आहे तो मुद्दाम दहा उत्तरे बरोबर देऊन निसटेल. म्हणून फार कमी गुण हा सोंगाचा भक्कम पुरावा आहे, पण मधले गुण हे खरेपणाचे प्रमाणपत्र नव्हे.

वर्गात कोणालाही हा विषय सांगितला की पहिला प्रश्न येतो : खोटे पकडायचे यंत्र का लावत नाहीत? ५ मे २०१० रोजी सेल्वी विरुद्ध कर्नाटक राज्य या निकालात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की नार्को, पॉलिग्राफ आणि ब्रेन मॅपिंग या चाचण्या माणसाच्या संमतीशिवाय करता येणार नाहीत. शिवाय पॉलिग्राफ नाडी, श्वास आणि घाम मोजतो. ज्याला आपण ‘कानून’चे प्रतिनिधी आहोत असे मनापासून वाटते, त्याची नाडी ते सांगताना का वाढावी? आणि घाबरलेल्या खऱ्या माणसाची का वाढू नये?

सगळ्यांत गुंतागुंतीची प्रकरणे असतात ती खरे आणि खोटे मिसळलेली. जर्मन डॉक्टर गान्सर यांनी १८९८ मध्ये काही कैद्यांचे वर्णन प्रसिद्ध केले. त्यांना सोपे प्रश्न विचारले की उत्तर चुकायचे, पण जवळचे यायचे. घोड्याला पाय किती, तर पाच, अशा प्रकारचे. ‘पाच’ म्हणायला चार माहीत असावे लागतात, म्हणून पाहणाऱ्याला हे सोंगच वाटते. गान्सर यांना मात्र तो आजार वाटला, आणि त्यावरचा वाद अजून चालू आहे. दुसरे उदाहरण हिटलरचा साथीदार रुडॉल्फ हेस. न्यूरेंबर्गच्या खटल्याआधी तो काही आठवत नाही म्हणत होता. तपासणाऱ्या डॉक्टरांना त्याची विस्मृती खरी, मानसिक कारणांची वाटली होती. ३० नोव्हेंबर १९४५ रोजी त्याने भर न्यायालयात उठून सांगितले की हे डावपेच म्हणून केलेले सोंग होते. डॉक्टरांची फजिती झाली असे वाटते. पण खटल्याच्या पुढच्या महिन्यांत त्याचे वागणे आणि स्मृती पुन्हा विचित्र झाली, आणि मग प्रश्न उरला की सोंग कोणते, आजार कोणता, की ‘सोंग होते’ हे म्हणणेच सोंग. आजारी माणूसही सोंग करू शकतो, हे परीक्षकाला लक्षात ठेवावे लागते.

सैन्याने या प्रश्नाची फार मोठी किंमत मोजली आहे. पहिल्या महायुद्धात तोफांच्या माऱ्याखाली राहून कित्येक सैनिक थरथरू लागले, मुके झाले, त्यांना चालता येईना. डॉक्टर चार्ल्स मायर्स यांनी १९१५ मध्ये ‘शेल शॉक’ या नावाने त्यावर लिहिले. अनेक अधिकाऱ्यांना मात्र त्यात भित्रेपणा आणि सोंग दिसत होते. पळून जाणे, भित्रेपणा अशा आरोपांवरून गोळ्या घातलेल्या ३०६ ब्रिटिश आणि राष्ट्रकुल सैनिकांना २००६ मध्ये ब्रिटिश संसदेच्या कायद्याने माफी मिळाली. त्यांतले काही आजारी असणार, हे त्यामागचे एक मोठे कारण होते. माफी पोचायला नव्वद वर्षे लागली.

त्याच युद्धात हिंदी सैनिकांवर एक संशय होता. फ्रान्सच्या आघाडीवरून हाताला जखमा झालेले बरेच जवान येत होते आणि ते स्वतःलाच गोळी मारून घेतात असे बोलले जाई. इंग्लंडमधल्या ब्रायटन शहरातल्या किचनर हिंदी रुग्णालयाचे प्रमुख कर्नल ब्रूस सीटन यांनी १९१५ मध्ये यावर मत न देता मोजणी केली. लढाईत झालेल्या एक हजार जखमांचा त्यांनी हिशेब मांडला, आणि निष्कर्ष काढला की जखमा स्वतः करून घेतल्याचा पुरावा नाही. या विषयात मी जे जे वाचले त्यात मला सीटन यांची पद्धत सर्वांत आवडली. संशय सगळ्यांना होता, मोजायला ते एकटे बसले.

शेवटी उलट्या सोंगाबद्दल. वैद्यकीय मंडळासमोर जाणारी आपल्यासारखी मुले आजार दाखवत नाहीत, लपवतात. झोप येत नाही, छातीत धडधडते, दोन महिने कशातच मन लागत नाही, हे सांगितले तर ‘अनफिट’ होऊ, अशी भीती असते. घरीही आधी ‘नाटक करतो’ म्हणतात. गावाकडे कोणी ‘बइहा’ म्हणतात आणि बैगाकडे नेतात. रायपूरला एम्समध्ये मानसोपचार विभाग आहे आणि बिलासपूरजवळ सेंदरीला राज्य मानसिक चिकित्सालय आहे, पण तिथे पोचेपर्यंत बराच काळ गेलेला असतो. डॉक्टरांना हे उलटे सोंगही ओळखावे लागते, आणि तिथे लाभाचा प्रश्न उलटा विचारतात : हा माणूस बरा दिसण्याची एवढी धडपड का करतो आहे? कलम ४६ ची भीती कोणाला वाटत असेल तर ते नीट वाचावे. शाळकरी कॅडेट म्हणून आपण अजून त्या कायद्याखाली येत नाही, आणि जे येतात त्यांच्यासाठीही त्यात गुन्हा आहे तो सोंग करण्याचा. एमआय रूममध्ये जाऊन ‘मला बरे वाटत नाही’ असे खरे सांगण्याचा उल्लेख त्या कलमात कुठेही नाही.